वेळासला लेकरं न्यायचीत तर आधी वाळू समजून घ्या

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. मांजरा काठच्या तुमच्या शाळेतली सातवी-आठवीची 40 लेकरं घेऊन कोकणात वेळासला समुद्री कासवाची पिल्लं बघायला जायचंय, कोणत्या तारखेला गेलं की नक्की दिसतील, किती दिवस काढायचे, आणि एका पालकानं मीटिंगमधे विचारलं की आपल्याला समुद्राचं काय पडलंय, एवढ्या लांब कामून न्यायलेत. मी मूळचा गंगाखेडचा. कोकण किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांचं काम 11 सीझन केलंय, आता परत परभणीला असतो. दोन्हीकडचं थोडंफार माहितंय म्हणून जरा सविस्तरच लिहितो, निवांत वाचा.

आधी तारखेचं बघू. नक्की तारीख कुणीच देऊ शकत नाही, आणि कुणी ट्रॅव्हलवाला "100 टक्के दिसणार" म्हणत असेल तर त्याच्याकडं बुकिंग करू नका. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. अंडी घातल्यापासून पिल्लं वर यायला 45 ते 60 दिवस, बहुतेकदा 50-55. म्हणजे 10 जानेवारीला घरटं झालं तर मार्चचा पहिला आठवडा धरायचा. पण थंडी जास्त पडली की दिवस वाढतात, वाळू तापली की कमी होतात, त्यामुळं हा हिशोब चार-पाच दिवस इकडं-तिकडं होणारच. शाळेच्या दृष्टीनं फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा तिसरा आठवडा बरा, त्याच्या पुढं तुमच्या परीक्षा येतात आणि तिकडं ऊनही सोसत नाही. निघायच्या आठ दिवस आधी गावात फोन लावून विचारा की हॅचरीत, म्हणजे सापडलेली अंडी आणून पुरतात त्या कुंपणात, किती घरटी 50 दिवसांच्या जवळ आलीत. एकच असेल तर पुढं ढकला, चार-पाच असतील तर निघा. कमीत कमी दोन मुक्काम ठेवा. पिल्लं सकाळी 6-7 च्या सुमाराला आणि संध्याकाळी 6 च्या आसपास सोडतात, दोन मुक्कामात तुम्हाला तीन-चार वेळा संधी मिळते. एका मुक्कामात येऊन रिकाम्या हातानं परत गेलेले लई लोक मी बघितलेत, लेकरं रडवेली होतात.

रस्ता लांब आहे, हे आधीच पालकांना सांगून टाका. लातूरहून पुणे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, तिथून ताम्हिणी घाटातनं माणगाव आणि पुढं मंडणगड करत वेळास अजून दोनशेच्या आसपास. मंडणगडच्या पुढं वळणावळणाचा अरुंद रस्ता आहे, लेकरांना गाडी लागते, त्यामुळं मोठ्या बसपेक्षा दोन मिनीबस करा आणि पुण्यात रात्र काढून सकाळी निघा. राहण्या-जेवणाची सोय गावातच, होमस्टेला. बहुतेक घरी शाकाहारी जेवण, भात, आमटी, तांदळाची भाकरी, सोलकढी, सांगितलं तर उकडीचे मोदक. आपल्या लेकरांना दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीची आठवण येते, शेंगदाण्याची चटणी सोबत न्या, भागतं.

आणि समुद्राचं. तुमच्या निम्म्या लेकरांनी समुद्र पहिल्यांदा बघायचा असणार. आपल्या लेकरांना विहिरीत पोहता येतं म्हणून ती समुद्राला भीत नाहीत, हीच मोठी भीती. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी ओहोटीला पायाखालची वाळू काढून घेत आत ओढतं. घोट्याच्या वर पाणी नको, एवढा एकच नियम करा आणि दर आठ लेकरांमागं एक मोठं माणूस ठेवा. यात तडजोड करू नका.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही लेकरांना "पिल्लं बघायला" नेऊ नका, वाळू बघायला न्या. मी असं कामून म्हणतोय ते सांगतो.

आपल्याकडं सप्त्यात कीर्तनकार सांगतात ना की कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, लांबून नुसत्या नजरेनं वाढवते, तशी माउलीची कृपादृष्टी. मी पण लहानपणी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर बसून हे ऐकलेलं, आणि पहिल्यांदा कोकणात गेलो तेव्हा मनात तेच होतं, की मादी कुठंतरी लाटांत थांबून घरट्याकडं बघत असंल. तसं नसतं. मादी अंडी घालून एकदा पाण्यात गेली की त्या घरट्याकडं परत येत नाही. पिल्लांनी आई बघितलेली नसते आणि आईनं पिल्लं. संतांचा दृष्टांत भक्तीचा आहे, त्याला धक्का लावायचं कारण नाही, पण लेकरांनी जेव्हा विचारलं की मग त्यांना वाढवतं कोण, तेव्हा उत्तर एकच, वाळू. तिची ऊब, तिची ओल, तिच्यातनं खेळणारी हवा. म्हणून जागा निवडण्यावर त्या मादीचं सगळं लक्ष असतं.

ती रात्री येते, बहुतेकदा भरतीच्या वेळेला, म्हणजे तिला जमिनीवर कमी सरपटावं लागतं. वजन 35 ते 50 किलो, पाण्यात पक्ष्यासारखी फिरणारी पण वाळूवर तिचे हाल होतात. भरतीची रेघ ओलांडून वर येते, कधी कधी नुसतीच एक फेरी मारून जागा पसंत न पडल्यानं परत जाते. पसंत पडली की मागच्या दोन वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा करते. हे मी जवळनं, पालथं पडून, पाच-सहा हातांवरनं बघितलंय आणि आजही डोळ्यांपुढं तसंच आहे. डावा पाय पळीसारखा वळवून आत घालायचा, मूठभर वाळू उचलून बाहेर ठेवायची, तेवढ्यात उजव्या पायानं कडेची वाळू झटकून टाकायची, मग उजवा आत. तिला मागं वळून बघता येत नाही, सगळं स्पर्शावर. असा दीड फूट खोल खड्डा होतो, तोंडाला अरुंद आणि खाली पोटाला रुंद. तुमच्या लेकरांना समजवायला सोपं आहे, आपल्या जुन्या वाड्यांत ज्वारी साठवायचं पेव असायचं ना, अगदी त्या आकाराचं. आजी-आजोबांनी पेव बघितलेलं असतं, त्यांच्याकडून काढून घ्या. पेवात धान्याला बाहेरची हवा-ऊन कमी लागतं, तसंच इथं.

मग ती शंभर-सव्वाशे अंडी घालते. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नाही, बोटानं दाबलं तर खळगा पडतो. तेव्हा तिच्या डोळ्यांतनं पाणी येतं, लोक म्हणतात रडतेय, ते खरं तर अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं असतं, समुद्रात असतानाही चालूच असतं. अंडी घालून झाली की वाळू लोटून खड्डा बुजवते आणि मग अंग या कडेवरनं त्या कडेवर आपटत वाळू दाबते, आपण जमीन धुमसावी तशी, थप थप आवाज येतो, शांत रात्री लांबपर्यंत ऐकू जातो. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपून पाण्यात. सकाळी मागं राहतो तो फक्त माग, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा दोन-अडीच फूट रुंद, एक वर येणारा, एक खाली जाणारा.

त्या मागावरनंच तर अंडी चोरीला जायची. माग बघून कोल्ही, कुत्री, रानडुकरं उकरायची आणि माणसंपण. वेळास, मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं हे गाव, इथंही अंडी खायची-विकायची रीत होतीच, त्यात गावाला कमीपणा आणायचं कारण नाही, किनाऱ्यावर सगळीकडं होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरेंच्या पुढाकारानं, 2002 साली तिथं घरटी राखायचं काम सुरू केलं. ती माणसं खरं तर समुद्र गरुडाच्या कामानं त्या बाजूला फिरत होती आणि वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, असं सुरुवातीचं निमित्त. कायदा होताच, 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. पण रात्री दोनला किनाऱ्यावर कायदा उभा नसतो, तिथं गावातलंच माणूस लागतं. गावातली पोरं कासवमित्र झाली, पहाटे किनारा चालायची, घरटं शोधून अंडी कुंपणात आणायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक यायला लागले, घराघरात पाहुण्यांची सोय झाली, आणि ज्या घरात कधीकाळी अंडी शिजली असतील त्या घराला जिवंत पिल्लांमुळं चार पैसे मिळायला लागले. आता वनविभाग आणि मँग्रोव्ह फाउंडेशनही आहे, आणि वेळाससारखं काम आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, दिवेआगर, खाली वेंगुर्ल्याजवळ वायंगणीपर्यंत चालतं. वेळासला गर्दी असेल तर आंजर्ले किंवा गुहागरचाही विचार करा, लेकरांना पिल्लं कुठली ते कळत नसतं.

होमस्टेचे पैसे घासाघीस करून कमी करू नका ही माझी कळकळीची विनंती. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावरनं गेलं. नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी नवीन लावली तर पीक हातात यायला वर्षं जातात. त्याच वर्षी लॉकडाऊन, पाहुणे बंद. आपल्याकडं गारपिटीनं मोसंबीची बाग झोपते तेव्हा शेतकऱ्याची जी अवस्था होते तीच. तरीपण तिथली माणसं पहाटे किनाऱ्यावर चालणं सोडत नव्हती. लेकरांना पिल्लांइतकीच ती माणसं दाखवा, एका कासवमित्राला तासभर बसवून बोलतं करा, तो जे सांगेल ते पुस्तकात नाही.

आता माझ्या हातनं झालेली एक चूक सांगतो, कारण तिच्यातनंच मला वाळूचं काम कळलं. दुसरा का तिसरा सीझन होता. पहाटे एक घरटं सापडलं, भरतीच्या रेघेच्या खाली, तिथं ठेवलं असतं तर पाण्यानं कुजलं असतं, म्हणून हलवणं भाग होतं. अंडी हलवायची तर घातल्यापासून पहिल्या काही तासांतच हलवायची आणि फिरवायची नाहीत. कारण आतला गर्भ थोड्या वेळात कवचाच्या वरच्या बाजूला आतनं चिकटतो, त्यानंतर अंडं उलटं-पालटं झालं की तो तुटतो. हे मला माहीत होतं, पण गाडी आली नाही म्हणून मी दुपारपर्यंत थांबलो, आणि मग प्लास्टिकच्या क्रेटमधे अंडी भरून मोटरसायकलवर खडबडीत रस्त्यानं सात-आठ किलोमीटर नेली. 118 अंडी होती. 62 व्या दिवशीसुद्धा वाळू हलली नाही म्हणून घरटं उघडलं. 9 पिल्लं वर यायच्या वाटेवर होती, बाकी सगळी अंडी पिवळी पडलेली, वासच सांगत होता. एकेक अंडं फोडून बघायचं असतं, कुठल्या टप्प्यावर थांबलं ते नोंदवायला, आणि मी एकेक फोडत गेलो, सगळ्यांत तोच सुरुवातीचाच लाल ठिपका. माझ्याबरोबरचा गावातला म्हातारा कासवमित्र काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बांबूची टोपली आणली, तळाला घरट्यातलीच ओली वाळू घातली आणि मला दाखवलं, अंडं चिमटीत धरायचं, जसं होतं तसंच, वरची बाजू वर, आणि टोपली हातात धरून चालत जायचं, कितीही लांब असो. त्यानंतर मी एकही घरटं गाडीवरनं नेलं नाही.

हॅचरीत काय बघायचं ते आता तुमच्या लक्षात येईल. वाळूत जाळीचं कुंपण, आत प्रत्येक घरट्यावर पाटी, कोणत्या तारखेला मिळालं आणि किती अंडी. लेकरांना त्या पाट्या वहीत उतरवून घ्यायला लावा आणि 50 दिवस मिळवून तारखा काढायला लावा, गणिताचा तास तिथंच होतो. खड्डा मादीनं केला असता तसाच, दीड फूट, पेवाच्या आकाराचा, हातानं केलेला. आत किती ऊब आहे यावर पिल्लू नर होणार का मादी ते ठरतं. आपल्यासारखं गर्भ राहतानाच ठरत नाही. 29-30 अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्यावर गेलं की माद्या जास्त, खाली आलं की नर जास्त. आणि 35 च्या आसपास सतत राहिलं तर अंडी उबण्याऐवजी मरतातच. म्हणून मार्चनंतर हॅचरीवर सावलीची जाळी बांधलेली दिसंल. आपल्याकडं भाजीच्या रोपवाटिकेवर हिरवी जाळी बांधतात तीच. उन्हाळा लवकर यायला लागलाय हे आपल्याला शेतात कळतं, तिथं ते घरट्यात कळतं.

पिल्लं अंड्यातनं निघाल्यावर लगेच वर येत नाहीत, तीन-चार दिवस, कधी आठवडा वाळूतच असतात, पोटावरचा पिवळा बलक जिरवत, आणि सगळी मिळून वर सरकत असतात. एक हललं की दुसरं हलतं, वरची वाळू खाली झिरपते, त्यावर चढत चढत. वरची वाळू गरम लागली की थांबतात, गार झाली की निघतात, म्हणून पहाट आणि संध्याकाळ. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, कुर्ल्या (खेकडे) आणि कावळे लागू नयेत म्हणून. टोपली उचलायच्या आधी मी नेहमी कडेला गुडघ्यावर बसून बघायचो. पहिल्यांदा नुसती वाळू मधोमध बशीसारखी खचलेली दिसते. मग तिथं एखादा कण थरथरतो. मग काळपट, हरभऱ्याच्या घाट्याएवढं डोकं, त्यावर वाळूचे कण चिकटलेले, डोळे अजून अर्धे मिटलेले, आणि त्याच्या मागं एकदम पाच, दहा, चाळीस. वजन एकेकाचं 15-20 ग्रॅम. पहिल्यांदा बघणारं माणूस त्या वेळी बोलत नाही, हे मी दर वेळेला बघितलंय, गोंगाट करणारे कॉलेजचे ग्रुपसुद्धा.

पिल्लं पाण्यात नेऊन टाकत नाहीत, वाळूवरच थोडं अंतर ठेवून सोडतात आणि ती चालत जातात. लेकरं विचारतील की उचलून का टाकत नाहीत, एवढुशी दमतात. ते चालणं गरजेचं आहे, आणि त्या किनाऱ्याची खूण, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरनं, त्यांच्यात पक्की बसते असं अभ्यासक मानतात, मोठी झाल्यावर माद्या त्याच भागात अंडी घालायला येतात. दोरी लावलेली असते, तिच्या आत पाय टाकायचा नाही. मोबाईलचा फ्लॅश नाही, टॉर्च नाही, पिल्लं उजेडाकडं वळतात आणि भलतीकडं जातात. हात लावायचा नाही, सेल्फीसाठी तर अजिबातच नाही. 40 लेकरांना दोरीमागं दोन ओळीत बसवा, बुटके पुढं. हजारात एखादंच मोठं होतं असा अंदाज सांगतात, हे लेकरांना आधीच सांगा, तिथं एखादं घारीनं उचललं तर ओरडाआरडा होतो. जे जगतं त्याला अंडी घालण्याएवढं मोठं व्हायला 10-15 वर्षं लागतात.

मोठी झाली की कुठं जातात याचं उत्तर आता थोडं मिळायला लागलंय. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठं फिरते ते उपग्रहावरनं कळवणारं यंत्र, बसवला, तिचं नाव प्रथमा, मग आंजर्ल्याला सावनी, आणि अजून तीन. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरला टॅग केलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि उलटं पण झालं, ओडिशाला 2021 साली टॅग केलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेचं कासव आणि पश्चिमेचं कासव वेगळं असं जे आम्ही धरून चाललो होतो ते तितकं खरं नव्हतं.

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्या पालकांचं उत्तर इथं आहे. त्यांना सांगा की आपला समुद्र कोकणातला नाही, आपला समुद्र पूर्वेचा. तुमची मांजरा पुढं जाऊन गोदावरीला मिळते. दुधना, पूर्णा, सिंदफणा, सगळ्या गोदावरीलाच. गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते तिथं काकीनाड्याजवळ नदीनं आणलेल्या गाळ-वाळूचाच एक लांबलचक पट्टा समुद्रात तयार झालाय, होप आयलंड म्हणतात, कोरिंगा अभयारण्यातला, आणि तिथं हेच ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. नाशिकपासून नांदेडपर्यंतची झीज पिढ्यानपिढ्या वाहून गेली त्यातनं असे किनारे झाले. आता मधे धरणं आहेत, पैठणला जायकवाडी, नांदेडला विष्णुपुरी, मांजरेवर धनेगाव, खाली तेलंगणात निजामसागर, श्रीरामसागर. पाणी अडतं तसा गाळ पण अडतो, गोदावरीच्या मुखाकडं पोचणारा गाळ पहिल्यापेक्षा खूप कमी झालाय आणि तिथला किनारा काही ठिकाणी समुद्र खातोय. आणि धरणाच्या मधल्या पात्रातली उरलीसुरली वाळू रात्री हायवा ट्रक भरून कुठं जाते ते आपल्याला सगळ्यांना माहितंय. गंगाखेडला माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पात्रात चालायला लागलं की पाय भाजायचे एवढी वाळू होती, झिरा उकरला की हातभर खोलीवर गोड पाणी. आज तिथं खडक आणि चिखल आहे.

त्या वाळूत, काठच्या मऊ मातीत आपली नदीतली कासवंही अंडी घालतात. मऊ पाठीची मोठी कासवं, आणि विहिरीत-तळ्यात सापडणारं ते झाकणवालं लहान कासव. तेही पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे विहिरीतलं कासव पकडून ठेवणं हाही गुन्हाच. वीस नखांचं कासव मिळालं की पैशाचा पाऊस पडतो म्हणून आपल्या भागात बिचाऱ्या कासवांना पोत्यात घालून फिरवणारी टोळकी पकडली जातात, लेकरांना हे स्पष्ट सांगा की असं काही नसतं आणि असं कुणी सांगितलं तर वनविभागाच्या 1926 नंबरवर कळवायचं. परळीला, औंढ्याला, तुमच्या गावच्या महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढं दगडी कासव असतंच, ज्याला आपण आत जाताना वाकून हात लावतो. नदीतलं त्याचं जिवंत भावंड मात्र किती लेकरांनी बघितलंय ते वर्गात विचारून बघा.

म्हणून जायच्या आधी एक काम करा. फेब्रुवारीच्या एखाद्या शनिवारी लेकरांना मांजरेच्या पात्रात न्या, जिथं थोडी वाळू शिल्लक असंल तिथं. चार-चार जणांचे गट करून हातानंच दीड फूट खोल, तोंडाला अरुंद, पोटाला रुंद असा खड्डा करायला लावा. कोरड्या वाळूत कडा ढासळतात, ओली वाळू लागेपर्यंत खाली जावंच लागतं, हे त्यांना आपोआप कळेल आणि ती मादी पायांनी, न बघता, ते कसं करत असंल हेही. मग प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर दोऱ्याला बांधून तळाला सोडा, वरनं वाळू बुजवा, आणि दुसरा थर्मामीटर पृष्ठभागावर ठेवा. सकाळी 8 ला एकदा आणि दुपारी 2 ला एकदा, दोन्हींची नोंद. दोरा ओढून थर्मामीटर वर काढला की पटकन वाचायचं, पारा लगेच बदलतो. वरची वाळू दुपारी हात ठेववणार नाही इतकी तापलेली असेल आणि खाली मात्र सकाळपासून एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडलेला दिसेल. त्या नोंदीची वही वेळासला सोबत न्या, हॅचरीतल्या कासवमित्राला दाखवा आणि त्याच्या घरट्यातलं तापमान विचारून शेजारच्या रकान्यात लिहून आणा. आणि तारखा ठरल्या की मला कळवा, त्या आठवड्याची भरती-ओहोटीची वेळ मी काढून देतो.